एक पाटी शेण

हातकणंगले
३ फेब्रुवारी २०२५

ती. अव्वा,

शिवाप्पाचे शरणु शरणार्थी. इकडे सगळे बरे आहेत. फोनवर तू "बरं हाय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितो आहे. भाची शांभवी वाचून दाखवेल. शांभवे, मधलं काही गाळू नकोस आणि तुझं काही घालू नकोस.

कपिला बरी आहे, चारा खाते. उसाला तोड आली. कोंबड्यांच्या शेडमधल्या माश्या कमी झाल्या, तशी शेजाऱ्यांची कुरकुरही.

आता त्या बायोगॅस प्लँटचं. दिवाळीनंतर तू मलकापूरला लेकीकडे गेलीस आणि महिनाभरात गॅस मंदावला. आधी चहा होईना, मग शेगडी पेटेचना. मला पहिला संशय तुझाच आला. इतके महिने शेजारच्या चुलीवर भाकरी थापलीस आणि शेवटी, कोंबड्यांच्या घाणीवर शिजलेलं लिंगपूजेनंतर पोटात घालणार नाही, असं सांगून तू गेलीस. जाताना टाकीला चार शिव्या दिल्या असशील आणि त्या लागल्या असतील, असं वाटलं. हसू नकोस.

प्लँट बसवणारे उदयसिंह आले. टाकीच्या तोंडाशी वाकून त्यांनी वास घेतला.

"पावणं, नुसती कोंबड्यांची घाण ढकलताय व्हय? लई कडक असतीया ती, आतलं जंतू मरत्यात. शेण कालवायचं म्हणून सांगितलं हुतं की!"

"शेण मी कधीच टाकलं न्हाय," मी म्हणालो. "तरी उन्हाळाभर शेगडी चांगली जळत हुती."

तुझी सून मोना दारात उभी होती. ती म्हणाली, "अव्वा टाकत हुत्या. पूजा झाली की रोज कपिलाच्या शेणाची एक पाटी. म्हणायच्या, घाण घरात आलीच हाय, तर शेणानं जरा शुद्ध तरी हुईल. तुमास्नी सांगू नको म्हणाल्या."

म्हणजे ज्या गॅसवरचा घास तू तोंडात घेतला नाहीस, तो तुझ्यामुळे जळत होता. उदयसिंह पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

मग काही आठवडे नुसतं शेणपाणी ओतलं, नंतर थोडी थोडी घाण. आता गॅस पहिल्यासारखा येतो. पाटी मीच टाकतो. त्यामुळे गॅससाठी तू परत यावंस असं काही राहिलेलं नाही. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तुला वाटेल की प्लँट अडला म्हणून पोराला आई आठवली.

मागच्या सोप्यात तुझी वेगळी चूल मांडली आहे. मोनानं सारवली, लाकडं वाळवून रचून ठेवली. तिच्यावर फक्त तुझं शिजेल. आधीच मांडायला हवी होती. मी तेव्हा हट्टाला पेटलो होतो आणि तूही काही कमी नव्हतीस.

पाटी ओतून वळलो की वाटतं, आता तू ओरडशील, "शिवा, हात धू आदी." कुणी ओरडत नाही. अव्वा, घर खायला उठतं. मला तुझी फार आठवण येते. शांभवे, हे वाक्य दोनदा वाच.

रविवारी गाडी घेऊन येतो. तुझी पिशवी दाराशी दिसली तर उचलीन. नाही दिसली तर चहा घेऊन परत फिरेन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

कुणी न ओरडताच हात धुऊन बसलेला,
तुझा शिवा