एकोणऐंशी टाचण्या

प्रिय बटण,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आपण ज्याला ठीक म्हणतो तेवढं. फोन करायला काय झालं होतं, असं म्हणशील. या आठवड्यात तीनदा तुझा नंबर लावला आणि पलीकडे वाजायच्या आत बंद केला. तुझा आवाज ऐकला की मी तुझ्या गुडघ्यांचं आणि माझ्या लेकीच्या परीक्षेचं बोलत बसणार आणि खरं सांगायचं ते पोटातच राहणार. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येत नाही. पंधरा वर्षं आपण शेजारशेजारच्या मशीनवर बसलो, मी काजांच्या आणि तू बटणांच्या, त्यात एकदा तरी माझं वाक्य पुरं होऊ दिलं असशील तर शपथ.

परवाचा तुझा मेसेज वाचला. महिनाअखेर घर बंद करून लेकाकडे जाणार, आवराआवर चालली आहे, भावोजींचे कपडेही देऊन झाले, असं लिहिलंस. शेवटी लिहिलंस, तब्येत जप, तेव्हा तुला ताप होता ना. तो शब्द वाचला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मला ताप आलाच नव्हता. भावोजी गेल्याचं कळलं त्या दिवशी मी ठणठणीत होते आणि कामावर होते. तुझ्याकडे यायला एक दिवस, परत यायला एक दिवस, आणि मध्ये तुझ्यापाशी बसायला एक. ते तीन दिवस मी काढले नाहीत. का नाही काढले, ते सांगते. ऐकून घे, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तू नोकरी सोडलीस तेव्हा कारखाना मालकाचा होता आणि औषधाला विम्याचं कार्ड होतं. आता आम्ही ठेकेदाराची माणसं. दोन वर्षांत तीन ठेकेदार झाले. मशीन तेच, खुर्ची तीच, माझं बूडसुद्धा तेच, पण दर ठेकेदारागणिक मी नवी कामगार! जुनं कार्ड त्याच दिवशी बंद, आणि नवं कार्ड सलग नव्वद दिवस हजेरी लागल्यावर. सलग म्हणजे सलग. एक खाडा झाला की मोजणी पुन्हा एकपासून. विमा कंपनीला फोन केला तर एक मुलगी इतकं गोड बोलली की तेवढ्यानेच माझी शुगर वाढली असेल. मी तिला विचारलं, बाई, नव्वद दिवस माझ्या रक्ताला थांबायला कोण सांगणार? तर म्हणाली, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. फॉर्मवर प्रश्न होता, आजार कधीपासून आहे. मी लिहिलं, तुमची कंपनी निघायच्या आधीपासून. फॉर्म परत आला, नीट भरा म्हणून.

तर यावेळी मी ठरवलं, काही झालं तरी नव्वद दिवस पुरे करायचे. कॉलरच्या कॅनव्हासची एक पट्टी कापून मशीनला बांधली आणि रोज हजेरी लागली की तिच्यात एक टाचणी खोचायची. नव्या पोरी हसायच्या, मावशीने काय जादूटोणा मांडलाय म्हणून. तोवर औषध कसं पुरवायचं हा प्रश्न होताच. जुन्या कार्डावर शेवटची घेतलेली इन्सुलिनची पेनं होती, ती ताणायला लागले. आधी रात्रीचं इंजेक्शन थोडं कमी केलं, मग एक दिवसाआड. मध्ये एक पेन दुकानातून विकत आणलं, तर त्या महिन्यात लेकीच्या क्लासची फी राहिली. पुन्हा आणलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला आणि ताण घेऊ नका म्हणाल्या. इन्सुलिन नाही तर निदान सल्ला तरी फुकट मिळतो.

भावोजींना यातलं काही कळू दिलं नव्हतं. दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन यायचा, तुला आठवतंय ना, काय ताई, आज किती? ज्याचा आकडा जास्त त्याने त्या आठवड्यात जास्त चालायचं, अशी आमची पैज. म्हणायचे, आपलं रक्ताचं नातं नाही, पण एकाच इन्सुलिनवरची भावंडं आहोत. एकदा मला बरं वाटावं म्हणून त्यांनी स्वतःचा आकडा मुद्दाम वाढवून सांगितला होता, आणि तू मागून ओरडून त्यांना पकडलं होतंस. बटण, शेवटचे पाच रविवार मी त्यांना उलटं खोटं सांगितलं. माझा आकडा निम्मा करून सांगायचे. शाब्बास ताई, म्हणायचे. खूश व्हायचे. गेल्या वर्षी मागचा ठेकेदार बदलला तेव्हा त्यांनी विचारलंही होतं, औषधाची अडचण नाही ना, मला पाणीपुरवठा खात्याच्या पेन्शनवर तीन-तीन महिन्यांचं औषध एकदम मिळतं, लागलं तर सांगा, लाजू नका. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, भावोजी, बहिणीला साडी देतात, इन्सुलिन नाही. फार शहाणी ना मी.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा पट्टीत एकेचाळीस टाचण्या होत्या. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले. जेवायच्या सुट्टीत सुपरवायझरला विचारलं. तो घड्याळाकडे बघतच बोलतो, म्हणून पोरी त्याला स्टॉपवॉच म्हणतात. म्हणाला, रक्ताचं नातं आहे का? मी काय सांगणार होते त्याला? मैत्रिणीचा नवरा एवढंच त्याच्या खात्यात बसलं असतं. तशी सुट्टी मिळाली असती, मोजणी तुटली असती इतकंच. मी उभ्या उभ्या हिशेब केला की एकोणपन्नास दिवस राहिलेत, आणि मला ताप आल्याचा मेसेज तुला टाकला. त्या दिवशीची टाचणीही खोचली. लाज वाटत होती, तरी खोचली.

आता पुढचं ऐक, म्हणजे माझी अक्कल कळेल. गेल्या सोमवारी पट्टीत एकोणऐंशी टाचण्या होत्या, म्हणजे अकराच राहिल्या होत्या. दोन-तीन आठवडे डोळ्यांपुढे धूसर येत होतं, चष्मा पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. मंगळवारी सकाळी पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा आला, पुरुषांचा. मी काजं पाडत गेले. दुपारी तुझ्या जागेवरची पोरगी बटणं लावायला गेली आणि किंचाळली. बेचाळीस शर्ट, बटण, आणि बेचाळीसच्या बेचाळीस शर्टांना काजं उजव्या पट्टीवर. बायकांच्या बाजूला! शिकाऊ पोरीसुद्धा पहिल्या आठवड्यानंतर करत नाहीत ती चूक मी केली, मी, जी डोळे मिटून काज पाडते म्हणून तू सगळ्यांना सांगायचीस. शिलाई असती तर रात्र जागून उसवली असती. कापलेलं काज कुठे सांधायचं? स्टॉपवॉच म्हणाला, तुमची तब्येत बरी दिसत नाही, घरी जा. मी हाता-पाया पडले की बसून राहते, काम देऊ नका, पण हजेरी लावा. अर्धा दिवस गैरहजर लागला. अर्धा म्हणजे त्यांच्या भाषेत अख्खा. बुधवारी पुन्हा पहिला दिवस.

एकोणऐंशी टाचण्या काढून डबीत भरायलाही वेळ लागतो गं. काढताना बोटाला एक टोचली, आणि मला हसूच आलं, चला, शुगर तपासायला आयतं रक्त आलं. मग मात्र इतका संताप आला की डबी भिंतीवर मारली. इन्सुलिन वाचवलं ते हजेरीसाठी, हजेरी गेली ती इन्सुलिन वाचवल्यामुळे, आणि या सगळ्यात मी तुझ्याकडे आले नाही. ज्या दिवशी माणसाने माणसाजवळ असायला हवं, तो दिवस मी त्या पट्टीत खोचला आणि पट्टी फुकट गेली. कुणावर चिडू? ठेकेदाराला मी बघितलेलंसुद्धा नाही.

घरी लेकीने विचारलं, लवकर कशी आलीस. मी काहीतरी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिने फ्रीज उघडून पेनं मोजली, कॅलेंडर बघितलं आणि तिला सगळं कळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रीजचं दार लावलं, आणि काल सकाळी म्हणाली की परीक्षा पुढच्या वर्षी देते, दुकानात नोकरी आहे, पुढच्या सोमवारपासून बोलावलंय. तोवर त्यांना हो म्हणू नकोस, मी औषधाचं बघते, असं मी तिला म्हटलंय. आता शेवटचं पेन चालू आहे. आठवडा जाईल, ओढून ताणून दहा दिवस. आणि आता ओढाताण करायची नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलंय.

तर बटण, पत्र लिहिलं ते यासाठी. भावोजी गेले त्याच्या चारच दिवस आधीच्या रविवारी मला म्हणाले होते, कालच तीन महिन्यांचं औषध आणून फ्रीजच्या दारात वरच्या कप्प्यात ठेवलं, लिंबांना जागा ठेवली नाही म्हणून तुमची मैत्रीण भांडतेय. ती पेनं तिथेच असतील तर टाकून देऊ नकोस आणि घर बंद करायच्या गडबडीत फ्रीज बंद करू नकोस. आमचं औषध एकच होतं. दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलंय, न उघडलेली असतील, थंड राहिली असतील आणि तारीख उलटली नसेल तर चालतात. मी शनिवारच्या गाडीने निघते, बर्फ घातलेला थर्मास घेऊन. खाडा होईल, होऊ दे, पट्टीत आता चारच टाचण्या आहेत. भावोजी गेले तेव्हा आले नाही आणि आता त्यांच्या औषधासाठी येतेय, हे मला कळतंय. दार उघडशील तेव्हा काही बोलू नकोस. आधी मला त्यांच्या खुर्चीपाशी थोडा वेळ बसू दे, फ्रीज मग उघडू.

तुझीच,
काज