आईला क्योतोला पोचवण्याचं नियोजन

३ मार्च
ठरलं. या महिन्यात क्योतोला जाऊन यायचं. एका दिवसाचं काम.

आमच्याकडे दहनानंतर गळ्यातलं हाड वेगळं ठेवतात. ते बसलेल्या बुद्धासारखं दिसतं. बाकीच्या अस्थी गावच्या थडग्यात, आणि हे एक हाड छोट्या डबीतून क्योतोला, आमच्या पंथाच्या मोठ्या मठात. बाबांचं तिथेच आहे. आई गेल्या नोव्हेंबरात गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "तोकू, मला ह्यांच्याजवळ नेऊन ठेव. वर्षाच्या आत. फार दिवस एकटे बसलेत ते." मी हो म्हटलं. डबी तेव्हापासून घरच्या देव्हाऱ्यात आहे.

गाडी आमच्या स्टेशनातून थेट जाते. बदलावी लागत नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत माणूस क्योतोत. इतकं सोपं काम आहे म्हणूनच ते घाईत उरकू नये.

१९ मार्च
पितरांचा आठवडा लागला. सगळा देश थडगी धुवायला निघालाय. गर्दीत आईला नेणं बरं नाही. एप्रिल.

५ एप्रिल
चेरी फुलली. क्योतोला परदेशी लोकांचे लोंढे, बातम्यांत दाखवलं. मिसाए म्हणाली, "अहो, मठात अस्थी घेतात त्या खिडकीशी कोण फोटो काढतंय?" बायकोला नियोजनातलं कळत नाही.

सकाळी आईच्या हिरव्या कपात चहा ठेवला. आमच्या पंथात खरं तर मृतांना चहा ठेवत नाहीत. पण आईला उठल्याबरोबर चहा लागायचा, आणि ती पंथाचं ऐकणारी बाई नव्हती.

२२ एप्रिल
ताईचा नागोयाहून फोन. "झालं का?" म्हटलं, अभ्यास चालू आहे. ती म्हणाली, "कसला अभ्यास? बाबांना आईने एकटीने पोचवलं. सकाळी गेली आणि संध्याकाळी घरी मुळे खारवत बसली होती." म्हटलं, तेव्हाचा काळ वेगळा होता. ताई म्हणाली, "गाडी तीच आहे, तोकू."

२५ मे
भाताची लावणी. पाठ गेली. शेतकी सोसायटीच्या गोदामात रोपांचे ट्रे उचलून हात वर होत नाहीत. मठात हात जोडता आले पाहिजेत.

११ जून
उद्या सुट्टी आहे, पाऊसही नाही. निघणारच होतो. रात्री कॅलेंडर बघितलं तर उद्याच्या खाली 'सोबती ओढणारा' असं छापलेलं. अशा दिवशी मेलेल्या माणसाचं काही केलं तर तो मागून आणखी कुणाला तरी ओढून नेतो म्हणतात. मिसाएच्या जिवाला धोका पत्करणं मला पटलं नाही. तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझी काळजी करू नका, मला आईंनी जिवंतपणी पुरेसं ओढलंय."

परवा कामावर जायचं, आणि तेरवाच्या खाली 'बुद्ध गेला' असं आहे. म्हणजे तोही वाईट.

२० जून
गावच्या मठातले गुरुजी आईच्या मासिक पाठाला आले. मी त्यांना चांगला दिवस विचारला. गुरुजी हसले नाहीत, पण चहा खाली ठेवला. म्हणाले, "तोकुजी, आपल्या पंथात वाईट दिवस नाही. आठशे वर्षं हेच सांगतोय आम्ही. तुमच्या आजोबांनाही सांगितलं होतं, तेही कॅलेंडर बघायचे." मग हिरव्या कपाकडे बघून म्हणाले, "आणि हे काय?" मिसाए म्हणाली, "तो माझा आहे." देव्हाऱ्यात कप कुणी ठेवतं का आपला? पण गुरुजींनी आपला चहा पुन्हा उचलला.

म्हणजे कुठलाही दिवस चालतो. यामुळे निवड करणं आणखी अवघड झालं आहे.

२० जुलै
उकाडा. क्योतो म्हणजे खोलगट कढई. त्यात उत्सवाच्या रथांची गर्दी. नको.

१३ ऑगस्ट
आजपासून सण. मेलेली माणसं तीन दिवस घरी येतात. आई घरी येणार आणि आपण तिला बाहेर पाठवायचं, हे कुणाच्या बुद्धीला पटेल? ताईच्या बुद्धीला पटलं. ती इथे आली आहे. जेवताना म्हणाली, "बाबाही येणार असतील की. त्यांच्याबरोबरच परत पाठव." सगळे हसले. मी पण हसलो. खारवलेल्या माशाची शेवई आईसारखी कुणाला जमत नाही.

८ सप्टेंबर, रात्री
आज गेलो. स्टेशनापर्यंत.

डबी पिशवीत, पिशवी मांडीवर. वादळाचा इशारा होता, पण फलाटावर पानही हलत नव्हतं. वादळाआधी असंच असतं. गाडी अगदी वेळेवर आली. दार माझ्यासमोरच उघडलं. आत बसायला जागा होती. मी दोन्ही हातांनी पिशवी धरून उभा राहिलो आणि दार बंद झालं.

घरी आलो. डबी जागेवर ठेवली. मिसाएने माझ्यासाठी भात गरम केला. दिवसभर ऊन होतं.

५ ऑक्टोबर
कापणी. थकवा. झोपेतही पोती मोजतो.

२ नोव्हेंबर
ताईचा फोन. वर्षश्राद्ध वीस तारखेला. "तोपर्यंत तू नेलं नाहीस तर मी येऊन नेते. आईला शब्द तू दिला होतास, मी नाही. मला लाज आणू नकोस." म्हटलं, सोळा तारीख पक्की. ती म्हणाली, "कॅलेंडर बघितलंस?" म्हटलं, बघितलं नाही. बघितलं होतं. चांगला आहे. आता काही इलाज नाही.

१५ नोव्हेंबर
तयारी पूर्ण. आईचे दोन जांभळे रुमाल आहेत, एकसारखे. एकात डबी बांधली, दुसऱ्यात मिसाएने भाताचे गोळे बांधले, आत खारवलेलं आंबट प्लम. मिसाए म्हणाली, "एकाला दोरा बांधते, गोंधळ नको." मी म्हटलं, माझ्या आईला मी ओळखणार नाही का?

मोबाइल घरीच ठेवणार. असल्या प्रवासाला मन शांत हवं.

१६ नोव्हेंबर, दुपारी ३
लिहितो आहे, कारण घरात कुणी नाही.

गाडीत चढलो. आमचं मोठं तळं खिडकीत दिसत-लपत राहिलं, पाण्यावर धुकं. मी बोचकं मांडीवर धरलं होतं. आईला मनातल्या मनात सगळं दाखवत गेलो. ती लग्नानंतर पहिल्यांदा आली ते स्टेशन. बाबा मासे पकडायचे तो बांध. हात उबदार वाटत होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मठात खिडकीशी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. नाव, गाव सांगितलं. नमस्कार केला. डोळे भरून आले. रुमाल सोडला. आत तीन गोळे.

गृहस्थांनी गोळ्यांकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "हे आम्हाला ठेवून घेता येत नाही." मागे रांग होती. एक म्हातारी म्हणाली, "प्लमचे आहेत का?" मी हो म्हटलं.

मी त्यांना सांगितलं, वसंतात येतो. लगेच परतीची गाडी धरली. वाटेत तिन्ही खाल्ले. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटत होतं. आई घरी आहे, आज आपण तिला संध्याकाळचा चहा ठेवू, असं वाटत होतं.

घरी आलो तर दाराला कुलूप. देव्हाऱ्यात डबी नाही. दुसरा रुमाल नाही. मोबाइल मात्र मी ठेवला तिथेच आहे.

त्याच दिवशी, दिवेलागण
मिसाए आली. हातात क्योतोच्या लोणच्याची पिशवी. मी गेल्यावर तिने विसरलेलं दुसरं बोचकं उचललं, तर ते हाताला कडक लागलं म्हणे. तशीच पुढच्या गाडीत बसली. "वाटलं, तिथे थांबला असाल. तासभर आवारात शोधलं तुम्हाला." आमच्या गाड्या तळ्याकाठी कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

खिडकीवरच्या गृहस्थांनी तिला विचारलं, "सकाळी भाताचे गोळे घेऊन आले होते, ते तुमचेच का?" ती म्हणाली, हो, आमचेच. मग पाठ झाला, डबी आत गेली. मी विचारलं, किती वेळ लागला. "चहा निवायला लागतो तेवढा."

मी विचारलं, आई काही... मिसाए म्हणाली, "पोचल्या. बाबांजवळ. चला, जेवून घ्या." मग मुळे धुवायला बसली. आईच्याच पाटावर.

१७ नोव्हेंबर, सकाळ
सवयीने हिरवा कप भरला. घेऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. जागा भरपूर होती. मिसाए मागून म्हणाली, "आता तुम्हीच प्या." प्यालो. तोवर गार झाला होता.

ताईचा फोन. मिसाएने रात्री तिला 'पोचल्या' एवढंच कळवलं होतं. "पोचवलंस एकदाचं. खरं सांगू, मला वाटलं नव्हतं." मिसाए मुळ्यांना मीठ लावत होती.

मी म्हटलं, अगं, नियोजन नीट असलं की वेळ लागत नाही.