क्वेथच्या नावाची बायको

१४ जुलै, जुबा, दक्षिण सुदान
आज परत कढया. निळ्या टोपीवाल्या शांतिसैनिकांच्या कॅम्पात रोज भात करपतो, रोज मी खरवडतो. स्वयंपाकी ताबान म्हणतो, "वाल, हे आपल्या देशात शांतता आणतात आणि तळाचं करपलेलं तेवढं तुझ्याकडे." हसलो. माझं काम टिकणं त्याच्या हातात आहे.

काकांचा गावाहून फोन. माझं जिच्याशी ठरतंय त्या न्यामलचा बाप म्हणतो, डिसेंबरात मतदान होऊ दे, रस्त्यावरच्या बंदुका जाऊ देत, मग गुरं आणा नि पोर न्या. पण आधी दादाचं! क्वेथदादाला बंदुकवाल्यांनी पळवून नेलं त्याला पाचवा पावसाळा. आता मेलाच धरायचा. बिनलग्नाचा गेला, म्हणून आमच्या रीतीने घरात पहिली बायको त्याच्या नावाने येणार. होतील ती पोरं त्याची. माझं नंतर.

म्हटलं, मला न्यामलच पाहिजे.

"मग तिलाच त्याच्या नावाने आण. संसार तू कर. मेलेला काय बघायला येतोय?"

१५ जुलै
न्यामलला फोन लावला. म्हणाली, "म्हणजे नवरा मेलेला, आणि नांदायचं भांडीघाशा दिराबरोबर? काय नशीब काढलंय!" मग हळूच – "लवकर ये."

१४ सप्टेंबर
निवडणूक दोन वर्षं पुढे. मागेही असंच केलं होतं. टोपीवाल्यांचा साहेब बातमी ऐकून चमच्याने ताट वाजवत बसला. मग दुसऱ्यांदा खीर घेतली.

ताबान म्हणाला, "वाल, मत द्यायला आता तुझी नातवंडं जातील."

"माझी कुठली? दादाची."

त्याला कळलं नाही.

२१ सप्टेंबर
काका म्हणतात, आता थांबलो तर न्यामलचा बाप दुसरीकडे देईल. रस्ता नको, गुरं दलदलीतून हाकू.

६ ऑक्टोबर
गुरं पोचली. काकांचा पोरगा बोल वाटेत गोळी लागून गेला. मिसरूडही फुटलं नव्हतं.

काका फोनवर म्हणाले, "गुरं वाचली." मग – "आता त्याच्याही नावाने एक आणावी लागेल."

१९ ऑक्टोबर
गावात दादाच्या नावाने लग्न झालं. मी इथे कढई घासत होतो.

२ डिसेंबर
निवडणूक नाही, मग जगाला दाखवायला काहीतरी हवंच. सरकार नि बंडखोर, दोघांनीही धरून नेलेली माणसं सोडली आणि आमच्या कॅम्पात आणून उतरवली. ताबानने मला वाढायला उभं केलं. नुसती हाडं. एकाला डोळेच राहिले नव्हते. थाळी पुढे करून म्हणाला, "वाढणाऱ्या, हात आखडू नको रे बाबा. तुझ्या सासऱ्याच्या घरचं नाही ते."

दादा.

मी दोन डाव वाढले. बोललो नाही. बोललो असतो तर त्याने आवाज ओळखला असता.

३ डिसेंबर
साहेबाने आम्हा सगळ्या कामगारांना बोलावलं. हा आंधळा तुमच्यापैकी कुणाच्या गावचा? एकट्याला सोडता येत नाही, कुणी घरी नेईल का? दादा उभा, मान वाकडी करून कानोसा घेत. मी मान हलवली – नाही. ताबान माझ्याकडेच बघत होता. तो जिवंत म्हणजे न्यामल त्याची, खरोखरची. माझं काय राहिलं?

साहेब म्हणाला, ज्यांचं कुणी नाही त्यांना परवा दुसऱ्या छावणीत हलवू.

४ डिसेंबर
न्यामलला फोन करून दादाचं सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल गप्प बस. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला घेऊन ये. वाटेत उपाशी ठेवू नको."

मी बरं म्हटलं. आणि पाठोपाठ तोंडून निघालं – वहिनी.