एकोणसत्तराव्या पानावरचा दुपट्टा

मेडशी,
आश्विन पौर्णिमेच्या आधीचा गुरुवार

आदरणीय मोठ्या आत्यास,
अनुपचा सप्रेम जय भीम.

माझं आयुष्य बदललं ते तुझ्या पुस्तकाच्या एकोणसत्तराव्या पानावर, अगदी तळाशी, विहारातल्या करकरणाऱ्या पंख्याखाली. पण ते मागाहून सांगतो, कारण आधी तब्येत विचारली नाही तर तू पत्र इथंच बंद करशील. गुडघे कसे आहेत? मामांची साखर? इकडे बाबा बरे, आई बरी, म्हैस बरी, सोयाबीन सोंगून गंजी लागली. बरा नाही तो मीच. (फोनच करणार होतो. पण मागे तूच म्हणालीस की माझं बोलणं ऐकायला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो, त्यापेक्षा लिहीत जा. म्हणून हा कागद.)

मी वाशीमचं कॉलेज अर्ध्यात सोडलं हे तुला कळलंच असेल. का सोडलं, ते मात्र गावानं तुला उलटं सांगितलं असणार. प्रयोगशाळेत सरांनी सगळ्यांसमोर, म्हणजे सरितासमोर, मला 'बाकावरची धूळ' म्हटलं. मी अ‍ॅप्रन फेकला, बाहेर पडलो आणि दार आपटलं. ते इतक्या जोरात आपटलं की उलट उघडलं, आणि पायऱ्यांवरून घसरत जाणारा मी अख्ख्या वर्गाला नीट दिसलो. त्यानंतर परत जाणं शक्यच नव्हतं. (सरिता म्हणजे पंजाबरावबाबांची नात. विहार समितीचे अध्यक्ष तेच. तिचा आता अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला आहे.)

वर्षावासाच्या तीन महिन्यांतलं ग्रंथवाचन आपल्या विहारात इतकी वर्षं रामरावबाबा करत आले. यंदा त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डोळ्यावर हिरवी पट्टी आली. तेव्हा पंजाबरावबाबा भर बैठकीत म्हणाले, "हे पोट्टं रिकामंच हाय, अन् आवाज म्हशीसारका हाय. बसवा याले." मी उठून जाणारच होतो, पण तेवढ्यात सरिता मेणबत्त्या लावायला आली आणि मी पुन्हा बसलो. आता माणूस रागात वाचायला लागला की भरभर वाचतो. पौर्णिमा अजून लांब आणि ग्रंथ संपला. "अबे, ग्रंथ होता का जलद गाडी?" असं पंजाबरावबाबा ओरडले, आणि उरलेल्या दिवसांत आपल्या लिलाबाईचं, म्हणजे तुझं, पुस्तक वाचायचं ठरलं. गावची लेक, इतकी मोठी नर्स झाली, पोरींनी ऐकलं पाहिजे.

आत्या, लोकांना तीन महिन्यांची सवय. प्रकरण संपलं की हात जोडून 'साधू, साधू, साधू'. तुला आसेगावला कुत्रं चावलं, साधू. पहिल्या परीक्षेत तू नापास झालीस, साधू. मामांशी तुझं लग्न ठरलं, तिथंही साधू. (पुढच्या रांगेतल्या गोजराबाईंनी तेवढं जरा विचार करून म्हटलं.)

पुढे फर्माइशी सुरू झाल्या. प्रत्येकाचं एक आवडतं पान, आणि ते रोज एकदा झाल्याशिवाय नवीन पान नाही. पुरुषांना आवडतो तो नाला. तू लसीच्या पेटीसकट सायकलवरून नाल्यात पडलीस आणि 'एका भल्या माणसाने' पेटी डोक्यावर घेऊन काठाला आणली. तू नाव लिहिलं नाहीस, तिथंच चुकलीस. पंजाबरावबाबा म्हणतात तो मीच. तांड्यावरचे दौलतसिंग खास मोटारसायकल काढून हे सांगायला आले की तो मीच. आणि आमचे बाबा, जे तेव्हा सात वर्षांचे होते, त्यांनाही नाल्याचं पाणी छातीपर्यंत लागल्याचं स्पष्ट आठवतं.

बायांचं पान वेगळं. तू ट्रेनिंगला निघालीस ती पहाट. आजी ज्वारी सोंगून थकून झोपलेली, तिची झोप मोडू नये म्हणून तू दार लावताना कडीसुद्धा वाजू दिली नाहीस. आणि बसमध्ये पिशवी उघडली तर आत भाकर बांधलेली. म्हणजे आजी जागीच होती. इथं आलो की गोजराबाई पदर डोळ्याला लावतात, मग कुणाला हुरडा आठवतो, कुणाला कडब्याच्या गंजीत लपलेली मैत्रीण, आणि वाचन तसंच राहून जातं. आता चहूकडे सोयाबीन नाहीतर तूर. मी कडब्याची गंजी धड पाहिलेली नाही, तरी त्या संध्याकाळी मलासुद्धा कडब्याचा वास आला.

आणि मग ते एकोणसत्तरावं पान. तू लिहितेस, 'अकोल्याच्या गाडीला फार गर्दी होती. एका मुलाने खिडकीपाशी जागा धरून दिली. पुन्हा तो कधी दिसला नाही.' संपलं! आत्या, लसीच्या पेटीला चार पानं आणि ह्या बिचाऱ्याला तीन वाक्यं? मला राग आला. पुढ्यात सरिता मान खाली घालून बसलेली. मी पान उलटलं नाही आणि वाचतच राहिलो. त्यानं खिडकीतून लाल दुपट्टा टाकून जागा कशी धरली, त्यावर बसू पाहणाऱ्या माणसाशी कसा भांडला, जागा मिळाल्यावर स्वतः मात्र खालीच राहिला, गजाला हात लावून चार पावलं गाडीबरोबर चालला. दुपट्टा गाडीतच गेला. त्यानं मागितला नाही.

मग एकच 'साधू' ऐकू आलं, हळू. सरितानं मान वर केली होती.

तेव्हापासून अख्ख्या गावाचं आवडतं पान तेच, आणि ते तुझ्या पुस्तकात नाही! रोज वाचावं लागतं आणि रोज थोडं बदलतं. "काल तं गाडी सुटल्यावर तो रडला होता, आज काहून नाही रडला?" असं गोजराबाईंनी परवा पकडलं. (मी म्हटलं, आज त्याला सर्दी नव्हती.) वर सरितानं पुस्तक घरी वाचायला मागितलं. पुस्तक विहाराबाहेर न्यायचं नाही अशी आत्याची सक्त ताकीद आहे, असं मी सांगून टाकलं. ती फक्त "हं" म्हणाली. त्या "हं"वर मी जेवलो नाही.

आणि आता पौर्णिमेला तुझा सत्कार. खिरीच्या आधी ते पान तुझ्याच तोंडून ऐकायचं, असं पंजाबरावबाबांनी जाहीर केलं आहे. एवढंच कळवायचं होतं. मामांना नमस्कार.

तुझा (बहुतेक वेळा) आज्ञाधारक,
अनुप

ता. क. : सोबत एक कागद घातला आहे. दुपट्ट्याचा सगळा मजकूर त्यावर सुवाच्य अक्षरात आहे. एकोणसत्तराव्या पानात ठेव आणि आपलाच म्हणून वाच. रडायचं की नाही ते तुझ्यावर सोडतो. तू नाही म्हणालीस तर सरिताच्या नजरेत मी कायमचा धूळ.

पुन्हा ता. क. : आज वाचन झाल्यावर रामरावबाबांनी माझा हात धरून बाजूला नेलं आणि कानाशी म्हणाले, "दुपट्टा लाल नोयता रे. हिरवा होता, चौकड्याचा." आणि काठी टेकत निघून गेले. नाल्यातल्या पेटीसाठी तीन माणसं भांडतात, ह्या दुपट्ट्याचं नाव आजवर कुणी काढलं नव्हतं. हा चौथा थापाड्या समजू, की 'पुन्हा तो कधी दिसला नाही' ही तुझीच थाप समजू? पत्र मामांसमोर वाचू नकोस. फक्त रंग कळव.

शेवटचं ता. क. : पहाट झाली आहे. सोबतचा कागद मी काढून घेतला, शोधू नकोस. काल वरचं लिहून मी विहारात सतरंज्या उचलायला परत गेलो, तेव्हा सरिता म्हणाली की तुझं पुस्तक तिच्याजवळ वर्षापासून आहे, ते वाचूनच तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला. "तिसऱ्या वाक्यावर ते संपते, मले मालूम हाय."

"मंग मागतलं काहून?"

"तू काय बहाना सांगतं ते पाह्याले." मग सतरंजी माझ्या हातात देत म्हणाली, "आत्याले खोटं बोलाले लावू नको. उद्या सकाळच्या गाडीनं मी अकोल्याले चालली. गर्दी राहीन."

गर्दी राहीन! आत्या, दुसरं काही म्हणाली नाही. पौर्णिमेला गावाला खरं मीच सांगेन. शिव्या पडतील, शेवटी सवयीनं साधूही पडेल. आता बाबांचा दुपट्टा घेतला आहे (मळका पांढरा, हिरवा घरात नाही) आणि एक रुमालही, कारण पंजाबरावबाबा तिला पोचवायला जात आहेत, तेव्हा जागा दोन धरायच्या आहेत. पत्र जाताना पेटीत टाकतो.

आई झोपली आहे, निदान तसं दाखवते आहे. मी निघालो. दार ओढून घेतो आहे, आणि आत्या, कडी वाजू देत नाही.