तळव्याचं भोक

९ जानेवारी, डुलुथ, अमेरिका
नात झाली. दोन महिने आधीच! एवढीशी — ओंजळीत मावेल. काचेच्या पेटीत, नाकात नळी. निहार म्हणाला, "आई, डॉक्टर्स होपफुल आहेत." पण माझ्याकडे बघत नव्हता.

११ जानेवारी
सुनेची आई मार्लीन रिझर्व्हेशनवरून, म्हणजे त्यांच्या जमातीच्या राखीव वस्तीवरून, बर्फातून गाडी हाकत आली. आमच्या विहीणबाई! शॉनाचं माहेर ओजिब्वे, इथले मूळचे आदिवासी. बाळासाठी आजीनं हरणाच्या कातड्याचे बूट शिवून आणलेत — मोकॅसिन. वर बारीक मण्यांची फुलं. काय हात आहे बाईचा! जोड पेटीशेजारी ठेवला. मी हौसेनं उचलून बघते, तर एका तळव्याला चक्क भोक! घाईत राहिलं असणार. वयाप्रमाणे नजरही गेली असेल बिचारीची.

१२ जानेवारी
शिवून टाकलं. जाड दोरा, दुहेरी टाका. कुणाला बोलले नाही — विहीणबाईंना उगाच कमीपणा नको. ह्यांना घरी, फ्रिस्कोला, फोन केला तर म्हणतात, "नसते उपद्व्याप कुणी सांगितले होते?" ह्यांना कौतुक म्हणून माहीत नाही.

१३ जानेवारी
बाळाचा श्वास अडकला. मोठं मशीन लावलंय. जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी
शॉनानं बूट उचलला, तळवा पाहिला आणि पांढरीफटक पडली. "हू डिड धिस?" मी म्हटलं, मी. ती रडायलाच लागली.

मार्लीननं मला बाहेर नेलं. रागावली असती तर बरं झालं असतं! म्हणाली — ते भोक मी मुद्दाम ठेवलंय, कांचन. पलीकडून कुणी न्यायला आलं, तर बाळाला म्हणता यावं, माझे बूट फाटलेत, एवढ्या लांब मला चालवणार नाही.

अरे देवा! माझ्या आजोबांचं नाव दगडू. आधीची भावंडं वाचली नाहीत, म्हणून मुद्दाम ठेवलेलं — दगडाला कोण नेणार? हे ऐकतच वाढले मी. आणि माझ्याच नातीच्या बुटात मला फक्त शिवणातली चूक दिसली. लाज वाटली. भीती त्याहून जास्त.

तिथेच बाकावर बसून टाके उसवले. माझेच टाके, सुटता सुटेनात.

१५ जानेवारी
डॉक्टर म्हणतात, इन्फेक्शन आहे, इतक्या लहान बाळांना होतं. बुटाचा काय संबंध! कळतं मला. तरी शॉनासमोर मान वर होत नाही. मी आत आले की ती पेटीकडे तोंड फिरवते.

१७ जानेवारी
गेली.

१८ जानेवारी
मार्लीननं तोच जोड माझ्या हातात ठेवला. "आता शिवा, कांचन. लांब जायचंय तिला." माझ्याच्यानं सुईत दोरा जाईना. शॉना येऊन शेजारी बसली. तिनं ओवून दिला.