भिंतीवरच्या डबीचं बटण

प्रिय सोन्या,

रविवारी फोनवर तुला सांगितलं, की डिजिटल लाइन उत्तम चालू आहे. ते खोटं नाही. पण फोन बाबांच्या खाटेजवळ आहे आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना त्यांच्यापाशी बसवून मी इथे बाईंच्या दुकानात उरलेलं लिहितेय.

लाइन मागवायला गेले तेव्हा टेलिफोनच्या कचेरीतल्या बाईने विचारलं, कशाला हवी? तू पढवल्याप्रमाणे मी घडाघडा म्हटलं, मुलाच्या राऊटरला, तो ऑफिसचं काम घरून करणार आहे. राऊटर म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही म्हणून माझी अब्रू वाचली. मग तंत्रज्ञ आला. जुन्याच तारेला त्याने भिंतीवर एक पांढरी डबी जोडली, डबीला तू पाठवलेला राऊटर आणि आपला नवा फोन. एकाच तारेवर तुझं काम आणि माझ्या गप्पा एका वेळी चालणार म्हटल्यावर बाबा म्हणाले, हिच्या गप्पांनाच ती पुरायची नाही. त्या दिवशी ते खूप हसले. तुझी खोली त्यांनी स्वतः झाडली.

जाताना तंत्रज्ञाने मला बजावलं, जुना फोन घरच्या विजेशिवाय चालायचा, हा नाही चालणार, डबीचं बटण चालू ठेवा. मी मान डोलावली आणि बाबांना सांगायचं विसरले. त्यांची सवय तुला ठाऊकच आहे. दुपारी आडवं होण्याआधी घरभर फिरून एकूण एक बटण बंद करायचं.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी त्यांनी तेच केलं. थोड्या वेळाने मला हाक मारली, पण ती हाक नव्हतीच, नुसती धाप. छाती धरून बसले होते, ओठ काळेनिळे. मी डॉक्टरांना फोन करायला रिसीव्हर उचलला तर आत काहीच नाही. परत उचलला, आपटला, नंबर दाबत राहिले. बटणाचं डोक्यातच आलं नाही. शेवटी त्यांना तसंच टाकून शिंपीणबाईंकडे अनवाणी धावले. त्यांच्या फोनवरून डॉक्टर मिळाले, पण परत घरात शिरायला माझे पाय उचलेनात.

डॉक्टर वेळेवर आले. आता बाबा कुरकुर करतात, म्हणजे बरे आहेत. बटणावर मी चिकटपट्टी लावलीय. तरी येता-जाता रिसीव्हर कानाला लावते, आणि ते झोपले की छाती हलतेय ना, ते बघत उभी राहते.

तुला काही कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. पोरगा घाबरून लाइन काढायला लावेल आणि लाइन गेली की त्याचं इकडे राहायला येणंही राहील, असं म्हणतात. मलाही तीच भीती होती, म्हणून रविवारी गप्प बसले. पण आता दुसरी भीती तिच्याहून मोठी झालीय. ऑफिसची बाकीची यंत्रं मिळेपर्यंत थांबू नकोस, ती मागून येऊ देत. लाइन चालू आहे, खोली झाडलेली आहे. तू ये रे. त्यांच्या श्वासाकडे कान लावून मला एकटीला घरात बसवत नाही.

तुझीच,
आई