गाडी चालू ठेव

बर्बँक, कॅलिफोर्निया
८ ऑक्टोबर

प्रिय ऑगी,

तू बरा असशील, तुझा गुडघाही कुरकुरत का होईना चालत असेल आणि यंदा तुझ्या पिकानच्या बागेला पाणी पुरलं असेल, असं धरून चालते. माझं ठीक आहे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता सगळं इतकं स्वच्छ दिसतं की मी आरशापुढे फार वेळ उभी राहत नाही.

दर नाताळात तुझं पिकानचं पोतं येतं आणि आत चिठ्ठी नसते, म्हणून मीही कधी पोच दिली नाही. आज देते. पोचली. इतक्या वर्षांची सगळी पोती पोचली. गेल्या नाताळातलं संपलंसुद्धा, कारण शेजारणीनं मला या अक्रोडाच्या चुलतभावाचा तो गोड, भट्टीत भाजायचा 'पाय' करायला शिकवलं. पहिला जळला. दुसरा मी सगळा एकटीनं खाल्ला.

इथं वाळवंटाकडून तो गरम वारा सुटलाय. कुत्री भुंकतात, माणसं विनाकारण हॉर्न वाजवतात. या वाऱ्यात आपण एकही धड संवाद लिहिला नव्हता, आठवतं? ऑलिव्ह अव्हेन्यूवरची टाकोची गाडी आता त्या म्हाताऱ्याची मुलगी चालवते. ती अजून मला विचारते, तुमचा लिहिणारा जोडीदार कुठंय. मी म्हणते, शेतावर. तेवढ्यावर भागतं.

तर बातमी अशी, की स्टुडिओनं मला बोलावलं होतं. हो, मला. 'पेशन्स'ची नवी मालिका काढायची आहे, सहावी. पन्नास वर्षं ते जहाज टीव्हीवर ग्रहाग्रहांवरून हिंडतंय, पाच कप्तान झाले आणि बघणाऱ्यांचा धीर अजून सुटलेला नाही. ज्यानं जहाजाचं नाव 'पेशन्स' ठेवलं तो द्रष्टाच म्हणायचा. जुन्या लेखकांपैकी चालतंबोलतं कोण उरलंय ते त्यांनी शोधलं असणार आणि यादी फार लांब निघाली नसणार.

हे सगळं आता स्लोन नावाची एक बाई बघते. आपण तिसरी मालिका लिहीत होतो तेव्हा ही पाळण्यात असेल. पण मूर्ख नाही. समोरचा बोलत असताना फोनकडे बघत नाही, एवढ्यावर मी तिला निम्मे गुण दिले.

मी कल्पना नेल्या होत्या. खलाशांच्या शाळेतली पोरं. त्यावर ती अगदी सभ्यपणे म्हणाली की ही या आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकतेय. मग पहिल्या कप्तानाच्या आधीचा काळ. तो दोनदा करून झालाय आणि दर वेळी आजोबा नातवापेक्षा तरुण निघतो. शत्रूंनी जहाज पळवल्याची एक काळीकुट्ट गोष्ट मी सांगायला घेतली आणि माझी मलाच जांभई आली. ऑगी, मी बोलत होते आणि माझ्या उजव्या हाताला एक रिकामी खुर्ची होती. तू तिथं नाकाचा शेंडा चोळत बसला असतास, तर 'हे सोड, पुढचं बोल' असं मला वेळेत कळलं असतं.

शेवटी मी उठले, कोट घेतला, दारापर्यंत गेले. आणि दारात उभी राहून विचारलं, "आपण ज्यांना मागं सोडून आलो, त्यांचं काय झालं?"

कारण जायच्या आधी मी सगळे जुने भाग पुन्हा बघितले होते. आणि लक्षात आलं, की आपला प्रत्येक कप्तान कुठल्या ना कुठल्या ग्रहावर कुणाला तरी सांगतो, "आम्ही परत येऊ." पाय मोडलेला तो माळी. दीपस्तंभावरची मुलगी. पावसात उभा असलेला तो गंजका यंत्रमानव, जो आपल्याला इतका आवडायचा. कुणी कधी परत गेलं नाही. कारण पुढच्या आठवड्याला नवा ग्रह. आपणच लिहायचो की ते.

तर मालिका ही, की मोडीत काढलेलं 'पेशन्स' पुन्हा बाहेर काढायचं, त्यावर निवृत्त म्हातारेकोतारे चढवायचे आणि पुढं जायचंच नाही. मागं जायचं. एकेका ग्रहावर उतरून दिलेला शब्द पाळायचा. काही जण भडकलेले असतील. काहींना आता यायचंच नसेल. काही ठिकाणी नुसती एक खुर्ची सापडेल, आकाशाकडे तोंड करून ठेवलेली. ज्यानं आयुष्यभर वाट बघितली त्याला दारात उभं राहून काय सांगायचं, एवढ्या एका प्रश्नावर मालिका चालेल.

स्लोननं माझी खुर्ची पुन्हा पुढं ओढली. मग म्हणाली, कोट काढा. पहिला ग्रह कुठला, असंही तिनं विचारलं. मी म्हटलं, अजून ठरायचंय.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू. त्या रात्री मी कल्पना कागदावर उतरवली, खाली नाव घातलं आणि पाठवून दिली. चार दिवसांनी स्टुडिओच्या वकिलाचा फोन. "मिसेस टोलिव्हर, हे बेनेडेक कोण?"

मी लिहिलं होतं, 'विनिफ्रेड टोलिव्हर & ऑगस्ट बेनेडेक'.

शपथेवर सांगते, मुद्दाम नाही. बोटांनी आपण होऊन लिहिलं. इतकी वर्षं माझं नाव तिथं संपतच नव्हतं, त्यापुढं ते वेटोळं यायचं आणि मग तू. वकिलानं मलाच नियम समजावला, मला! दोन नावांमध्ये ते चिन्ह असेल तर दोघांनी मिळून लिहिलं असा अर्थ. 'आणि' असा पूर्ण शब्द असेल तर एकानं लिहिलं, दुसऱ्यानं नंतर बदललं. म्हणजे एका खोलीत बसलेच नाहीत. मी म्हटलं, बाळा, हा फरक मला माहीत आहे.

त्यांनी कल्पना जोडीची म्हणून घेतलीय. महिनाअखेर कागद पक्के होतील. त्याआधी एकतर तू सही करायची, नाहीतर मी ते चिन्ह खोडायचं. मला एकटीला ही मालिका जमणार नाही. मग स्लोन ती दुसऱ्या कुणाला तरी देईल आणि ते लोक चांगलीच करतील, जोराजोरात.

तुला निम्म्या गोष्टी सुचायच्या त्या तुझ्या हिरव्या गाडीत, घरासमोर, इंजिन चालू ठेवून, आपण दोघं वाट बघत बसलेलो असताना. तशी गाडी आता कुणी चालवत नाही. पण माझ्याकडे आहे एक, बरी आहे.

हो की नाही, तेवढं कळव.

तुझी मेहुणी,
विनी


(पोस्टकार्ड)

लास क्रूसेस
१६ ऑक्टोबर

विनी,
कल्पना फार चांगली आहे. खोडून टाक ते चिन्ह. शेवटच्या वेळी 'आणि' घातलं होतं तेच खरं होतं, मीच घालायला सांगितलं होतं. मला आता झाडंच कळतात. नवं पोतं डिसेंबरात.
ऑगी


बर्बँक
२० ऑक्टोबर

प्रिय ऑगी,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, तेही एवढंसं. झाडं कळतात म्हणे. तुला माणसं कधी कळली नाहीत असं मीच सगळ्यांना सांगत फिरले, तेव्हा हे मला ऐकवायचं टाळलं असतंस तर बरं झालं असतं.

मागच्या पत्रात मी तिचं नाव काढलं नाही. तूही कार्डात काढलं नाहीस. आपण दोघं तिच्याभोवती वळसा घालून चालतोय. मला आता चालवत नाही. कोरा. माझी धाकटी बहीण, तुझी बायको. लिहिलं बघ.

जहाजावरची आपली डॉक्टर वेल म्हणजे कोरा, हे जगाला माहीत नव्हतं, आपल्याला होतं. शाळेतली नर्स होती ती आणि आपण तिला उचलून आकाशात नेलं. पेशंटला हात लावायच्या आधी तळवे एकमेकांवर घासून गरम करणं, औषध देताना दम देणं, सगळं तिचं. तिसऱ्या मालिकेच्या शेवटी डॉक्टरला निरोप द्यायचा असं वरून ठरलं आणि त्याच महिन्यात कोराला ग्लेनडेलच्या त्या हॉस्पिटलात हलवलं. मी तिथल्या कॉरिडॉरमध्ये मांडीवर कागद घेऊन भाग लिहिला. त्यात डॉक्टर मरते. समोर जे दिसत होतं तेच मी लिहिलं. मग तू ते माझ्याकडून नेलंस, ऑफिसात बसून बदललंस आणि शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात फिरकलाच नाहीस.

ती गेली त्या सकाळी तू आलास, केस पिंजारलेले. मी तुला विचारलं, "झाली का स्क्रिप्ट?" तू म्हणालास, "हो." त्यानंतर आपण बोललो नाही. महिनाभरानं भाग लागला, आणि कुणीतरी मला सांगितलं की नावांमध्ये 'आणि' आहे. मी म्हटलं, बरोबरच आहे. आम्ही एका खोलीत नव्हतोच. मी एका खोलीत होते, तो पळून गेला होता.

तो भाग मी कधी बघितला नाही. शपथ घेतली होती म्हण. या सप्टेंबरात, बाकीचे सगळे संपल्यावर तोच एक उरला. तो लावला, उभ्यानंच बघायला सुरुवात केली.

तुझ्या भागात डॉक्टर मरत नाही. ग्रहावर तापाची साथ आहे, जहाजाला थांबता येत नाही, ती मागं राहते. कप्तान दारातून हलायला तयार नाही. तेव्हा ती तळवे घासते, त्याच्या गालाला लावते आणि म्हणते, "तू जा आता. तुझा चेहरा बघून माझे पेशंट घाबरतात. जहाज चालू ठेव, मी आलेच."

मी खाली बसले, ऑगी. जमिनीवरच.

'गाडी चालू ठेव, मी आलेच.' बाथरूमच्या खिडकीतून. दर रविवारी, दर लग्नाला, दर सिनेमाला. आपण दोघं हिरव्या गाडीत, आणि हिचं एक कानातलं सापडत नाहीये. ते वाक्य तुझ्याजवळ असणारच, त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्याआधीचं वाक्य? ते मी एकदाच ऐकलंय. त्या शेवटच्या आठवड्यात नर्सनं तिला विचारलं, मिस्टर बेनेडेक आज येणार का. कोरा म्हणाली, "नको. त्याचा चेहरा बघून बाकीचे पेशंट घाबरतात." मी हसले. मला वाटलं, तू येत नाहीस ते झाकायला ती गंमत करतेय.

तिनंच तुला घालवलं होतं. हो ना? तिनंच सांगितलं, जा, लिही, मला असं बघत बसू नकोस. आणि तू खोलीबाहेर कुठंतरी बसून तिचं बोलणं शब्द न् शब्द उतरवून काढलंस आणि तिला जिवंत ठेवलंस.

मी माफी मागणार आहे असं समजू नकोस. मी तुझ्यावर संतापलेय. एवढी वर्षं तू पोती पाठवलीस, एक ओळ पाठवता आली नाही? 'विनी, तिनं मला जायला सांगितलं.' पाच शब्द आहेत, लेखक आहेस. पण मला कळतंय की तू ते का लिहिलं नाहीस. ते सांगितलं असतंस तर मला कळलं असतं, की तिनं मला थांबू दिलं आणि तुला नाही. तिला माझ्यासमोर मरवत होतं, तुझ्यासमोर मरवत नव्हतं. यातलं जास्त प्रेम कुणावर, हे मी रात्रंदिवस मोजत बसले असते. तू मला त्यातून वाचवलंस. मूर्ख माणूस.

तर आता ऐक. स्लोननं पहिला ग्रह विचारला तेव्हा मी 'ठरायचंय' म्हटल्याचं तुला लिहिलं. खोटं होतं ते. मी तिला लगेच सांगितलं. पहिला ग्रह तापाच्या साथीचा. 'पेशन्स' उतरतं, दार उघडतं, म्हातारा झालेला कप्तान पायऱ्या उतरतो. समोर एक पांढरं दवाखान्याचं घर. त्याच्या दारात कुणीतरी येतं.

इथवर मी लिहिलंय. कप्तानाचं वाक्यही लिहिलंय: "जहाज चालूच आहे."

त्यावर ती काय म्हणते, ते मला येत नाही. मी रोज सकाळी बसते. वाऱ्याला दोष देते. पण खरं हे, की मी तिला कागदावर मारलं होतं. जिला मी मारलं ती माझ्याशी बोलत नाही. तू तिला तिथं ठेवून आलास, तिचं पुढचं वाक्य तुलाच ऐकू येईल. ते वाक्य दुसऱ्या कुणी, कुठल्या हुशार पोरानं लिहिलेलं मला ऐकायचं नाही. त्यापेक्षा मालिका न झालेली बरी.

'आणि' खरं होतं, असं तू लिहिलंस. नव्हतं. ती ज्या खोलीत होती, त्याच खोलीत आपण दोघंही होतो. तू बाहेरून, मी आतून. नियमात असल्या खोलीची सोय नाही, तो नियमाचा दोष.

चिन्ह मी खोडलेलं नाही आणि खोडणार नाही. कागद महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आहेत. तुझ्यासाठीची जागा कोरी आहे. सही टपालानं पाठवू नकोस. मला तुझा चेहरा बघायचाय. माझे डोळे आता चांगले आहेत आणि इथं घाबरायला कुणी पेशंट नाही.

मी वाट बघतेय, ऑगी. गाडी चालू ठेवलीय.

विनिफ्रेड टोलिव्हर &